दरड कोसळल्यावर आवाज नको, अक्षरं पाठवा

पोस्ट मोठी आहे. कर्जत-खालापूरची मंडळी, हॅमवाले आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांना बसणारे, एवढ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. बोटी किती, जेसीबी किती, दोरखंड किती, रुग्णवाहिका किती याची यादी होते. संपर्काचा विषय आला की एक ओळ लिहिली जाते: गरज पडल्यास हॅम रेडिओ ऑपरेटर्सची मदत घेण्यात येईल. त्या ओळीत मी येतो, म्हणून बोलतो. गरज पडल्यावर आम्ही काय पाठवू शकतो, किती वेळात, कोणाला, कुठल्या भाषेत आणि कुठल्या अधिकारात, हे त्या ओळीत नसतं. आम्हाला कुणी विचारलेलं नाही आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःलाही विचारलेलं नाही.

मी कोंडाण्याचा. सिंहगडाचा कोंडाणा नव्हे. हे राजमाचीच्या पायथ्याचं, उल्हास नदीच्या खोऱ्यातलं, कर्जत तालुक्यातलं. लेण्यांमुळे ट्रेकर लोकांना माहीत असतं, धरणाच्या बातम्यांमुळे पेपर वाचणाऱ्यांना. कर्जतला माझं टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे आणि वीसेक वर्षं हॅमचा परवाना आहे. गावात मोबाइलला रेंज मिळते, पण लेण्यांची वाट धरली की जाते. पावसाळ्यात लाइट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की गावातलीही जाते. सरळ रेषेत कर्जत दहाएक किलोमीटर. पण मध्ये डोंगराचे सोंड आले की रेडिओच्या भाषेत ते दहा किलोमीटर शंभरासारखे असतात.

आता इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात, चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची वाडी. ४८ घरं, २२८ माणसं. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच तेव्हा सांगितलं. वर यंत्र जाईना म्हणून हातांनी माती उपसली.

कुणी म्हणेल, तिथे हॅम रेडिओ असता तर माणसं वाचली असती. मी असं म्हणणार नाही. डोंगर खाली आला तो काही मिनिटांत आला. कुठलाही रेडिओ तो थांबवत नाही. खबरही त्याच रात्री खाली पोचली होती. माझा मुद्दा खबरीनंतरच्या वेळाचा आहे. वर नक्की किती माणसं होती? कोण कामाला बाहेर होतं, कुणाची पोरं आश्रमशाळेत होती, कोण पाहुणं आलेलं होतं, कोण जखमी खाली उतरवलं आणि कुठल्या दवाखान्यात गेलं? आकडे दोन-तीन दिवस हलत होते. खाली नातेवाईक नावं विचारत होते, वरचे लोक नावं सांगत होते, मध्ये दीड तासाची चढण आणि चिखल. म्हणजे पाठवायची वस्तू 'वाचवा' ही हाक नव्हती. पाठवायची वस्तू होती यादी.

यादी आवाजाने पाठवून बघा एकदा. मी बघितली आहे, सरावात. एक नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, वाडी, प्रकृती. समोरचा म्हणतो, 'परत सांगा.' आडनाव पारधी की पारधे? पुन्हा अक्षरं फोडून सांगायची. पाऊस पत्र्यावर वाजतोय, मागे माणसं बोलतायत. एका नावाला सरासरी चाळीस सेकंद धरा. ५० नावांना अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात ती फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. शिवाय ऐकणाऱ्याने वहीवर लिहिलेलं पुन्हा कुणीतरी कॉम्प्युटरवर टंकणार, म्हणजे चुकायची दुसरी संधी.

तीच यादी मजकूर म्हणून पाठवली तर एका नावाला चाळीसेक बाइट, ५० नावांना २,००० बाइट. चाळीस वर्षांपूर्वीची १२०० बॉडची पॅकेट पद्धतसुद्धा सेकंदाला १५० बाइट नेते. हिशेबाने तेरा-चौदा सेकंद. मध्ये पोचपावत्या, तुटलेले पॅकेट पुन्हा पाठवणं, हे सगळं धरून दोन-तीन मिनिटं म्हणा. आणि पलीकडे जे उमटतं ते इकडे टंकलेलंच असतं, आडनावासकट.

मग हे आजवर का झालं नाही? तंत्र नवीन आहे म्हणून नक्कीच नाही. हौशी रेडिओवर पॅकेटचे पहिले प्रयोग कॅनडात माँट्रियलला १९७८ साली झाले. योगायोग बघा, आपल्याकडचे हौशी रेडिओ सेवेचे नियमही १९७८ चेच. १९८४ पर्यंत एएक्स.२५ नावाची पद्धत ठरलीसुद्धा. त्यावरच अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी एपीआरएस उभं केलं. कोण कुठे आहे, तिथे काय परिस्थिती आहे, एवढं छोट्या पॅकेटमधून सगळ्यांना सांगत राहायची ती पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही असा रिपीटर आहे, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर. तो आपल्या डोक्यावरून जाताना साध्या हातातल्या सेटवर त्याची पॅकेट ऐकू येतात.

आपल्याकडेही डोकी कमी नव्हती. ५ मे २००५ ला इस्रोने हॅमसॅट सोडला, खास हौशी रेडिओसाठी, आणि तो नऊ वर्षं चालला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' बनवला, एक किलोहून कमी वजनाचा. २२ जून २०१६ ला तो पीएसएलव्हीवरून गेला. त्याचं काम काय ठरवलं होतं? हॅम लोकांसाठी एका ठिकाणचा मजकूर घ्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणी द्यायचा! मराठी मुलांनी अवकाशातून निरोप्या पाठवायचं ठरवलं, आणि आम्ही कोंडाण्याहून कर्जतला एक यादी पाठवायची सोय केली नाही.

इथे माझ्या हॅम बांधवांना बोलणार आहे. राग आला तर येऊ द्या.

आपल्यात दोन पंथ झालेत. एक आवाजवाल्यांचा: 'आमच्या काळात मोर्सवर सगळं चालायचं, माइकवर सगळं चालतं, हे कॉम्प्युटरचे चाळे कशाला?' २६ जानेवारी २००१ चा भूज, २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी चालवलेलं केंद्र, ही उदाहरणं ते देतात आणि ती खरी आहेत, अभिमानाची आहेत. पण त्सुनामीत तिथून जे जात होतं त्यात मोठा भाग कशाचा होता? अमका सुखरूप आहे, तमक्याला कळवा. म्हणजे पुन्हा नावं, पुन्हा याद्या. त्या माणसांनी आवाजावर ते रात्रंदिवस ओढलं हे त्यांचं मोठेपण. म्हणून आपणही ओढतच राहायचं, हा कुठला न्याय?

दुसरा पंथ एफटी८ वाल्यांचा. २०१७ ला ही पद्धत आली आणि सगळं जग तिच्यावर गेलं. पंधरा सेकंदांचा एक फेरा, अगदी मंद सिग्नलही ओळखला जातो, गणित सुंदर आहे. पण एका फेऱ्यात ७७ बिट जातात. कॉलसाइन, ठिकाण, सिग्नलचा दर्जा, संपलं. मोकळा मजकूर तेरा अक्षरं. ब्राझीलशी संपर्क झाला म्हणून स्क्रीनशॉट टाकायला छान, तहसीलदारांना निरोप द्यायला निरुपयोगी. हे म्हणतात आम्ही डिजिटल आहोत. अहो, डिजिटल आहात, कबूल. पण निरोप कुठाय?

यात अमेरिकेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिकडे शॉर्टवेव्हवर हॅमना डेटा पाठवताना ३०० बॉडची मर्यादा होती, १९८० पासूनची. मोडेम सुधारले तरी नियम तिथेच. तिथल्या हॅम संघटनेने २०१३ ला अर्ज केला. २०१७ ला मारिया वादळाने प्वेर्तो रिको झोपवलं तेव्हा सरकारने तात्पुरती सूट दिली की यापेक्षा वेगाने पाठवा. वादळ गेलं, सूट संपली. पुढचं वादळ आलं की पुन्हा अर्ज. अखेर नोव्हेंबर २०२३ ला मर्यादा काढली आणि तिच्या जागी एवढंच म्हटलं की २.८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात राहा, आत काय वेग काढता तो तुमचा प्रश्न. दहा वर्षं लागली. यातून मला दिसतं ते हे, की आपत्तीच्या दिवशी मिळणारी सूट ही व्यवस्था नसते. त्या दिवशी कुणी नवीन मोडेम शिकत नाही. रोज वापरायची परवानगी असेल, तरच त्या रात्री हात चालतात.

आपल्याकडे अडचण वेगळ्या जागी आहे. आपले नियम सांगतात की हॅमने दुसऱ्यांचे निरोप वाहून न्यायचे नाहीत. अपवाद नैसर्गिक आपत्तीचा, तोही निरोप सक्षम नागरी अधिकाऱ्याकडून निघालेला आणि अशाच अधिकाऱ्याला जाणारा असेल तर. म्हणजे जिल्हाधिकारी, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी. हा नियम वाईट नाही; फुकट टेलिफोन कंपनी होऊ नये म्हणून आहे. पण त्याचा अर्थ नीट लावा. वाडीवरून पोलीस पाटील निरोप देतोय, तर तो 'अधिकार दिलेला' आहे का? मंडळ अधिकारी? ग्रामसेवक? आश्रमशाळेचे मुख्याध्यापक? अलिबागहून पावसाळ्याआधी एक पत्र निघालं, ज्यात या या पदांना हा अधिकार दिला आहे असं लिहिलं आहे, तर प्रश्न मिटतो. एक पानी पत्र. पैसा लागत नाही, निविदा लागत नाही. एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा उत्तर मिळालं, 'तुम्ही स्टँडबाय राहा, वेळ आली की बघू.' कुठली बैठक, कोण साहेब, ते सोडा. चांगला माणूस होता, चहाही पाजला.

दुसरं, माणूस नसताना चालणारी रिले केंद्रं. डोंगरावर एक डबा ठेवायचा, तो ऐकेल आणि पुढे पाठवेल. असे डबे एखाददुसरा हॅम वैयक्तिक जबाबदारीवर चालवतो. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. नव्या चौकटीत हौशी सेवेचे नियम लिहिताना पॅकेट रिले, इंटरनेटला जोडलेलं केंद्र, वाऱ्या-पावसाची आपोआप जाणारी नोंद यांच्याबद्दल सरळ दोन वाक्यं लिहून घ्यायला हवीत. हॅम संघटनांनी निवेदनं दिली तर ती 'आम्हाला जास्त पॉवर द्या' यासाठी नकोत, या दोन वाक्यांसाठी हवीत.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला ते. भाषा.

एपीआरएसच्या एका निरोपात मजकुराला ६७ जागा असतात. इंग्रजीला ठीक आहे. मराठीत लिहिलं की काय होतं? आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. अक्षर नव्हे, चिन्ह. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे. 'दरड कोसळली' एवढं लिहिलं की मधल्या मोकळ्या जागेसकट २८ बाइट गेले. 'माणसं' हा एक शब्द १५ बाइट. ६७ मध्ये 'दरड कोसळली, माणसं' इथवर आलात की निम्म्याहून जास्त जागा संपली, आणि अजून कुठे, किती, केव्हा काहीच सांगितलेलं नाही. रेडिओवर बाइट म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे बॅटरी.

'मग रोमनमध्ये लिहा की,' असं लगेच म्हणतात. लिहितोही आपण व्हॉट्सअ‍ॅपवर. पण 'kal' हा शब्द (हो, देवनागरीत लिहायचा तर 'के-ए-एल') काल आहे की कळ आहे की काळ? 'वर्‍हाडी' आडनाव रोमनमधून परत देवनागरीत आणताना तीन माणसं तीन प्रकारे लिहितील. मृतांच्या आणि बेपत्तांच्या यादीत आडनाव चुकलं की पुढे भरपाईच्या कागदावर चुकतं, आणि ते दुरुस्त करायला त्या घरातली बाई खालापूरला किती खेपा घालते ते बघा. रेशन कार्डावर एक मात्रा चुकली तर काय होतं, हे कातकरी वाडीवर कुणालाही विचारा.

आणि उपाय एवढा सोपा आहे की हसू येतं. युनिकोडमध्ये देवनागरीचा पूर्ण कप्पा १२८ जागांचा आहे. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं यांचा जुना अ‍ॅस्की कप्पाही १२८ चा. दोन्ही मिळून २५६. एका बाइटात २५६ च मावतात! म्हणजे खालच्या अर्ध्यात अ‍ॅस्की, वरच्या अर्ध्यात देवनागरी, की मराठीचं प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसलं. 'दरड कोसळली' २८ वरून १० वर. ही माझी अक्कल नाही. इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ ला याच धर्तीवर झालं होतं. संगणक मोठे झाले, डिस्क स्वस्त झाली, तेव्हा ते अडगळीत गेलं. रेडिओवर मात्र बाइट अजून स्वस्त झालेला नाही. हे अमेरिकेतला कुणी आपल्यासाठी करून देणार नाही, त्याला हा प्रश्नच पडत नाही. आपणच करायचं.

वेगाच्या बाबतीत जुन्या पॅकेटचं खरं दुखणं वेग नाहीच. दुखणं हे की एक बिट चुकला तर अख्खं पॅकेट फेकलं जातं. पावसात, दरीत, परावर्तित सिग्नलवर बिट चुकतातच. एफएक्स.२५ आणि आयएल२पी या नंतरच्या पद्धतींत चुका दुरुस्त करायचे जादा बिट बरोबरच जातात. थोडं बिघडलेलं पॅकेट पलीकडे सुधारून घेतलं जातं. यासाठी नवीन रेडिओ लागत नाही. जुना सेट, एक रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप आणि डायर वुल्फ नावाचं फुकट सॉफ्टवेअर. ज्यांच्याकडे कपाटात पंधरा वर्षांपूर्वीचा टू-मीटरचा सेट धूळ खात आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आणि परवाना नसलेल्यांचं काय? कोंडाण्यात परवाना असलेला मी एक. वाडीवाडीवर हॅम तयार होणार नाहीत, परीक्षा द्या म्हणून कितीही शिबिरं घ्या. त्यांच्यासाठी लोरा आहे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना वापरासाठी खुला आहे, ठरावीक शक्तीच्या आत. त्यावर चालणारे दोन-तीन हजारांचे बोर्ड मिळतात, मेशटॅस्टिक नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की मोबाइलला ब्लूटूथने जोडून निरोप टंकता येतो; एक बोर्ड दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला पोचवतो. वेग कासवाचा, सेकंदाला साधारण एक हजार बिट. निरोपही दोनशेच्या आसपास बाइटांचा. पण आशाताई ते वापरू शकते. गेल्या हिवाळ्यात मी एक बोर्ड राजमाचीच्या श्रीवर्धनवर नेला, एक दुकानाच्या गच्चीवर ठेवला. निरोप गेला, आला. तोच बोर्ड लेण्यांच्या झाडीत उतरल्यावर मुका झाला. सरळ दिसलं तर जातं, नाही दिसलं तर नाही जात. जाहिरातीतले किलोमीटर आकडे डोंगराला माहीत नसतात.

म्हणून माझ्या डोक्यातलं चित्र असं आहे. वाडीवर लोरा, कुणीही वापरावं. दिसणाऱ्या उंच जागांवर, म्हणजे राजमाचीच्या उधेवाडीत एखाद्या घराच्या छपरावर, माथेरानला, चौकच्या बाजूला एखाद्या शाळेवर, बोर्ड. तिथून तालुक्याला आणि तालुक्यातून अलिबागला हॅमची जाडी वाट, पॅकेटने. दोन्हीच्या सांध्यावर मशीन नको, परवाना असलेला माणूस हवा, कारण विनापरवाना पट्ट्यातला निरोप हॅमच्या पट्ट्यात ढकलताना वरचा अधिकाऱ्याचा नियम लागतो. तो माणूस वाचेल, अधिकार बघेल, पुढे पाठवेल.

(लेण्यावर आणि किल्ल्यावर काही उभारायचं नाही, हे आधीच सांगतो. कोंडाण्याच्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं एवढाच. दोन हजार वर्षं झाली, पाठवणाऱ्याचं नाव अजून वाचता येतं. त्याच्या शेजारी आपला अँटेना नको. आणि कृपा करून कुणी 'पूर्वी गडागडांवरून मशालींनी निरोप जायचे' असं भाषण देऊ नका. ढगात मशाल दिसत नाही.)

अडचणी आहेत. जुलैत सह्याद्रीत आठवडा-आठवडा ऊन नसतं, तेव्हा सोलर पॅनेल शोभेला. बॅटरी दहा दिवस तग धरेल एवढी घ्यावी लागते. वीज पडते. माकडं केबल कुरतडतात, माथेरानकरांना सांगायला नको. माथेरान संवेदनशील क्षेत्र, राजमाची पुणे जिल्ह्यात, कोंडाणे रायगडात, मध्ये वनखातं. उधेवाडीच्या छपरावरच्या डब्यासाठी मावळात विचारायचं आणि त्याचा उपयोग कर्जतला. हे कागद दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एकदा बसून केले तर होतात. माझ्यासारख्याने फिरून होत नाहीत.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. हॅमच्या पट्ट्यात सांकेतिक, लपवलेला मजकूर चालत नाही. जे जाईल ते कुणीही ऐकू शकतं. मृतांची नावं घरच्यांना कळायच्या आधी एखाद्या चॅनेलवाल्याने उचलली तर? यावर माझं मत असं की जखमी आणि सुखरूप यांची नावं उघड जाऊ द्या, मृतांच्या बाबतीत फक्त संख्या आणि घर क्रमांक जावा, नाव माणसाने खाली नेऊन द्यावं. खोटा निरोप घुसवला जाऊ नये म्हणून डिजिटल सही लावता येते; सहीने मजकूर लपत नाही, तो कुणाचा एवढंच सिद्ध होतं. यावर वेगळं मत असेल तर लिहा, मला ऐकायचं आहे.

'स्टारलिंक येतंय, आता हे कशाला?' हा प्रश्न दर आठवड्याला येतो. येऊ द्या, स्वागत आहे. तहसील कचेरीत एक डिश आणि जनरेटर असेल तर अलिबागपर्यंतची वाट माझ्या पॅकेटपेक्षा हजारपट चांगली होईल. पण तिला वीज लागते, आणि ती वाडीवर नसेल. सॅटेलाइट फोनचंही तेच, तो साहेबांच्या गाडीत असतो. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत दरड पडली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाड पाण्याखाली, रस्ते बंद, नेटवर्क गेलेलं, बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. तिथे अडलं होतं ते शेवटच्या पाच-दहा किलोमीटरवर. मी त्या पाच-दहा किलोमीटरबद्दल बोलतोय. पोलीस वायरलेस उत्तम चालतं, पण ते पोलिसांच्या कामाने त्या रात्री तुडुंब भरलेलं असतं, आणि तोही आवाजच. वायनाडला २०२४ च्या जुलैत दरड कोसळली तेव्हा कल्पेट्टाच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच हॅम लोकांनी केंद्र मांडलं होतं. म्हणजे कचेरीत टेबल मिळू शकतं. आपल्याला ते दरडीच्या आधी हवं आहे.

पावसाचं मोजमाप हा याच वाटेवरचा दुसरा प्रवासी. महावेधची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळात एक अशी आहेत, पीक विम्याच्या कामी येतात. पण मंडळाच्या गावात पडणारा पाऊस आणि कड्याखालच्या वाडीवर पडणारा पाऊस यात किती फरक असतो ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. वाडीवर एक साधं पर्जन्यमापक लोरा बोर्डला जोडलं तर दर तासाला एक आकडा खाली येईल. चार बाइट. रात्री दोन वाजता तो आकडा वाढत चालला तर कुणाला तरी फोन करून 'शाळेत झोपायला जा' म्हणता येईल. फोन लागला नाही तर त्याच बोर्डवर लिहिता येईल. इर्शाळवाडी यादीत नव्हती. पाऊस यादी बघून पडत नाही.

येत्या मे महिन्यात, बैठकीच्या आधी, एक चाचणी करायची ठरवली आहे. कोंडाण्यातून पन्नास काल्पनिक नावांची मराठी यादी कर्जतला, मोबाइल बंद ठेवून. एकदा आवाजाने, एकदा पॅकेटने, एकदा लोराने. घड्याळ लावून आणि चुका मोजून. निकाल जसा येईल तसा इथेच टाकेन, लोरा हरला तरी. राजमाचीच्या बाजूला थांबायला दोन माणसं हवीत. परवाना नसला तरी चालेल, पाय हवेत.

एक-बाइटचा मराठी तक्ताही तयार आहे, त्यात एक गाठ उरली आहे. 'दऱ्या'तला तो रफार काही फोनचे कीबोर्ड 'ऱ' ने लिहितात आणि काही 'र' ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. ते जोडचिन्ह देवनागरीच्या कप्प्याबाहेर आहे, त्यामुळे तक्त्यात बसत नाही आणि पलीकडे 'दर्या' उमटतं. मी सध्या त्याला अ‍ॅस्कीतल्या एका न वापरल्या जाणाऱ्या जागेवर बसवलंय, पण जुन्या सेटवर ती जागा कधी कधी ओळ तोडते. युनिकोडवर काम केलेलं कुणी इथे असेल तर कमेंटमध्ये सांगा, कुठली जागा घेऊ.